उमेदवारी : यंत्रबुद्धीच्या इतिहासातील एक हरवत चाललेली पायरी

‘उमेदवार’ हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांसमोर निवडणूक उभी राहते. आमच्या वडिलांच्या पिढीत त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत कायमची नेमणूक होण्यापूर्वी जो तरुण बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर दप्तरात बसून काम शिके, तो उमेदवार. ‘उमेद’ म्हणजे आशा. नेमणुकीच्या आशेवर बसलेला तो उमेदवार, इतका तो शब्द सरळ होता. आमचे वडील १९४३ साली इंदुरात होळकर सरकारच्या एका खात्यात असेच उमेदवार म्हणून बसले. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन रुमाल सोडायचे, मोडीतले जुने कागद वाचून दाखवायचे, मोठ्या कारकुनाने मसुदा केला की त्याची स्वच्छ नक्कल करायची. सव्वा वर्षाने त्यांची नेमणूक झाली. नकला करता करता आपल्याला मसुदा केव्हा येऊ लागला हे आपले आपल्यालाही कळले नाही, असे ते पुढे आम्हांला सांगत.

इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचा इतिहास असाच लेखणीशी बांधलेला आहे. काहींचे पूर्वज तलवार घेऊन आले हे खरे. पण तलवार म्यान झाल्यावर घर चालवले ते लेखणीने. संस्थाने गेली, मोडी गेली, दरबारी मराठीच्या जागी हिंदी किंवा गुजराती आली, पुढे टंकलेखन यंत्र आले, संगणक आला. तरी शिकलेल्या मुलाने कागदाशी संबंधित काम करावे हा आपल्या घरांचा शिरस्ता काही मोडला नाही. आज त्याच घरांतील नातवंडे इंदूर, पुणे, हैदराबाद आणि बंगळूर येथे संगणकाच्या आज्ञावली लिहितात. लेखणीचे रूप तेवढे बदलले.

आता त्या लेखणीलाच स्वतःहून लिहिता येऊ लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी रोज इतके छापून येते की त्यात भर घालण्याचे आम्हांला प्रयोजन नव्हते. भविष्य वर्तवण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु या विद्येला आता सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि इतिहास चाळण्याची सवय सरकारी नोकरीने आम्हांला लावली आहे. तो चाळताना एक गोष्ट लक्षात आली. या व्यवसायात पैसा कसा आला, नेतृत्व कोणाकडून कोणाकडे गेले आणि काम कोणाचे गेले, हे तीनही प्रश्न शेवटी वडिलांच्या त्या जुन्या शब्दापाशी येऊन थांबतात. ते कसे, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१९५६ हे वर्ष आपल्या स्मरणात आहे ते राज्यपुनर्रचनेमुळे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ महाविद्यालयात काही गणिती आणि अभियंते एकत्र जमले होते. जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, आयबीएम कंपनीचे नॅथॅनियल रोचेस्टर आणि बेल प्रयोगशाळेचे क्लॉड शॅनन या चौघांनी आदल्या वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानकडे अर्ज केला होता. दहा माणसे, दोन महिने आणि १३,५०० डॉलर एवढी त्यांची मागणी होती. प्रतिष्ठानने सुमारे निम्मी रक्कम, ७,५०० डॉलर मंजूर केली. त्या अर्जातच ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव प्रथम आले. मंजुरीत निम्मी कपात झालेली पाहून आमच्यासारख्या जुन्या अधिकाऱ्याला थोडे घरच्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मागणी लहान होती, पण आश्वासन मोठे होते. बुद्धीचे प्रत्येक अंग इतके नेमके वर्णन करता येईल की यंत्राला त्याचे अनुकरण करता यावे, असा त्या मंडळींचा विश्वास होता. पुढची पंधरा-सतरा वर्षे या विश्वासावर पैसा येत राहिला, विशेषतः अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून. मग १९७३ साली ब्रिटनमध्ये सर जेम्स लाइटहिल यांनी शासनाला अहवाल दिला आणि आश्वासने व प्रत्यक्ष फळ यांतील अंतर दाखवून दिले. तेथील अनुदाने आटली. १९८२ साली जपानच्या शासनाने ‘पाचव्या पिढीचा संगणक’ हा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला, त्याच्या धास्तीने अमेरिका व युरोपातही पुन्हा पैसा वाहू लागला, आणि १९८७ च्या सुमारास या कामासाठी बनवलेल्या खास यंत्रांचा बाजार कोसळला. या दोन्ही ओहोटींना त्या क्षेत्रातील लोक ‘हिवाळा’ म्हणतात. पहिल्या दोन्ही हिवाळ्यांत नुकसान झाले ते प्राध्यापकांचे, प्रयोगशाळांचे आणि थोड्याशा कंपन्यांचे. सामान्य नोकरदाराला त्याची वार्ताही लागली नाही. पुढच्या भरतीत मात्र तसे राहिले नाही.

ही भरती आली कोठून? हिवाळ्यात ज्यांनी शेकोटी विझू दिली नाही अशा थोड्या माणसांत जेफ्री हिंटन हे एक होते. मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे अनुकरण करून यंत्राला शिकवता येईल, हा त्यांचा आग्रह. लष्करी पैशावर संशोधन करणे मनाला न पटल्याने ते १९८७ साली अमेरिका सोडून कॅनडात टोरांटो येथे गेले. तेथे अनेक वर्षे ते विद्यार्थी घडवत राहिले. त्यांच्या पद्धतीला दोन गोष्टींची उणीव होती. शिकवण्यासाठी अफाट उदाहरणे हवी होती आणि ती पचवणारी वेगवान यंत्रे हवी होती.

पहिली उणीव भरून काढली फेई-फेई ली या प्राध्यापिकेने. त्यांनी ‘इमेजनेट’ नावाचा चित्रांचा प्रचंड संग्रह उभारला व २००९ साली तो विद्वानांपुढे ठेवला. त्यातील प्रत्येक चित्रात मांजर आहे की किटली, हे एकेका माणसाने पाहून नोंदवले होते. इंटरनेटवरून अल्प मोबदल्यात हे काम करणारी सुमारे ४९,००० माणसे १६७ देशांत विखुरलेली होती. यंत्राची बुद्धी म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या तळाशी ही हजारो अनामिक कारकुनी आहे, हे लेखणीवर जगलेल्या आपल्या समाजाने तरी विसरू नये.

दुसरी उणीव अगदी अनपेक्षित ठिकाणी भरून निघाली. १९९३ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील एका साध्या उपाहारगृहात बसून तीन अभियंत्यांनी ‘एनव्हिडिया’ ही कंपनी काढण्याचे ठरवले. त्यांपैकी जेन्सन ह्वांग यांनी तरुणपणी त्याच उपाहारगृहांच्या साखळीत भांडी विसळली होती. कंपनीचा माल म्हणजे संगणकावरील खेळांची चित्रे भराभर रंगवणाऱ्या चिप. २००६ साली या चिपांकडून इतर गणितेही करून घेता येतील अशी सोय त्यांनी केली. त्यावर होणारा खर्च पुष्कळांना तेव्हा उधळपट्टी वाटला होता.

२०१२ साली या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. हिंटन यांचे दोन विद्यार्थी, अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुट्स्केव्हर, यांनी एनव्हिडियाची खेळांसाठी विकली जाणारी दोन कार्डे वापरून इमेजनेटच्या स्पर्धेत भाग घेतला. दुसऱ्या क्रमांकाच्या चमूची चूक २६ टक्क्यांच्या घरात होती. यांची सुमारे १५ टक्के. त्याच वर्षाअखेर गुरू आणि दोन शिष्य अशा तिघांनी काढलेल्या, एकही उत्पादन नसलेल्या कंपनीचा लिलाव झाला. ती गूगलने ४ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. डार्टमथच्या साडेसात हजार डॉलरांशी ही रक्कम ताडून पाहावी. आम्हांला मात्र रकमेपेक्षा तिघांचे नाते महत्त्वाचे वाटते. वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली, फळाची खात्री नसताना काम शिकणे, यालाच आपण उमेदवारी म्हणत आलो. आजची यंत्रबुद्धी जन्मली तीच मुळी उमेदवारीतून.

यानंतरचा काळ हा नेतृत्वाच्या ओढाताणीचा आहे, आणि त्याची एक शाखा थेट आपल्या भागात येऊन पोहोचते. डिसेंबर २०१५ मध्ये ‘ओपनएआय’ ही संस्था जाहीर झाली. ती कंपनी नव्हती, ना-नफा संस्था होती. यंत्रबुद्धी एखाद्या धनाढ्य कंपनीच्या मुठीत न जाता मानवजातीच्या कामी यावी हा तिचा घोषित हेतू होता. सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क आदींनी मिळून १०० कोटी डॉलर देण्याचा संकल्प सोडला. त्या दात्यांच्या यादीत एक भारतीय कंपनी होती : इन्फोसिस.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात स्थापन झाली, हे आज बंगळूरशी जोडल्या गेलेल्या तिच्या नावामुळे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. देणगीच्या वेळी तिचे प्रमुख होते विशाल सिक्का. त्यांचा जन्म शाजापूरचा, म्हणजे एकेकाळच्या ग्वाल्हेर संस्थानातील जिल्ह्याच्या गावचा. शालेय शिक्षणाचा काही काळ वडोदऱ्यात गेला, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि ते मधूनच अमेरिकेस गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. मिळवली ती कृत्रिम बुद्धिमत्ता याच विषयात. संस्थापकांपैकी नसलेले इन्फोसिसचे ते पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी. ठरावीक साच्याचे काम यंत्राकडे जाणार, तेव्हा आपल्या माणसांनी वरच्या पायरीवर चढले पाहिजे, असे ते २०१४ पासून सांगत होते.

इन्फोसिस, टीसीएस यांसारख्या कंपन्यांची सारी इमारत उभी होती ती आधुनिक उमेदवारीवर. महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो पदवीधर घ्यायचे, काही महिने शिकवायचे, मग अनुभवी माणसाच्या हाताखाली परदेशी ग्राहकाच्या कामाला लावायचे आणि माणशी तासांचा हिशेब ग्राहकाकडून घ्यायचा. इन्फोसिसने म्हैसूरला त्यासाठी विद्यापीठासारखा परिसर उभारला. या रचनेने आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतील लाखो मुलांना हात दिला. संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातील दीर्घ वादानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्का यांनी राजीनामा दिला. त्या वादाची कारणे कारभारविषयक होती, यंत्रबुद्धीविषयी नव्हती. परंतु तो विषय ज्याने हयातभर अभ्यासला तो माणूस नेमक्या त्या वेळी गेला, ही गोष्ट इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

सिक्का गेले त्याच्या दोनच महिने आधी, जून २०१७ मध्ये, गूगलच्या आठ संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची जी रचना त्यात मांडली, तिच्यावर आजची बहुतेक सर्व लिहिणारी-बोलणारी यंत्रे उभी आहेत. या आठांत अशीष वास्वानी आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार ही दोन भारतीय नावे आहेत. पुढील सहा वर्षांत आठही जण गूगल सोडून गेले. शोध एका घरात लागला आणि त्याचा संसार दुसऱ्या घरी थाटला गेला.

तो थाटला ओपनएआयने. पण त्यासाठी लागणारी यंत्रे इतकी महाग होती की देणग्यांवर भागेना. म्हणून २०१९ साली ना-नफा संस्थेच्या पोटात नफा कमावणारी कंपनी काढण्यात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तीत १०० कोटी डॉलर घातले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला हे हैदराबादचे. आपल्या तेथील वाचकांना ते सांगावयास नको. दान देणाऱ्याला पुण्य मिळते, भाग मिळत नाही. भांडवल घालणाऱ्याचे तसे नसते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि मायक्रोसॉफ्ट एकाएकी शर्यतीत पुढे गेली. घाबऱ्याघुबऱ्या गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपले यंत्र जाहीर केले; त्याच्या जाहिरातीतच दुर्बिणीविषयीचे एक उत्तर चुकीचे निघाले आणि एका दिवसात कंपनीचे बाजारमूल्य सुमारे १०,००० कोटी डॉलरांनी उतरले. मसुद्यातील एका चुकीची एवढी किंमत आमच्या खात्यात कोणी मोजली असती, तर आम्हांपैकी कोणीच निवृत्तीपर्यंत पोहोचला नसता.

नोव्हेंबर २०२३ मधील पाच दिवस या साऱ्या इतिहासाचे सार सांगतात. १७ तारखेला ओपनएआयच्या संचालक मंडळाने सॅम ऑल्टमन यांना पदावरून दूर केले. ते मंडळ ना-नफा संस्थेचे होते, मूळ हेतूचे राखणदार होते आणि कागदोपत्री त्यांना तो पूर्ण अधिकार होता. मायक्रोसॉफ्टने लगेच ऑल्टमन यांना आपल्याकडे घेण्याची तयारी दाखवली. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिकांनी ऑल्टमन परत आले नाहीत तर आपण जाऊ, असे लेखी कळवले. पाच दिवसांत ऑल्टमन परतले आणि मंडळातील बहुतेक सदस्य गेले. ज्यांनी आधी त्यांना काढण्याच्या बाजूने मत दिले आणि मग पश्चात्ताप व्यक्त करून त्या पत्रावर सही केली, ते होते इल्या सुट्स्केव्हर, २०१२ च्या लिलावातील तेच शिष्य. मे २०२४ मध्ये त्यांनी संस्था सोडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी रचना झाली, तेव्हा मूळ प्रतिष्ठानकडे सुमारे २६ टक्के आणि मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के हिस्सा राहिला.

अधिकार घटनेत लिहिलेला असतो, पण सत्ता तिजोरीच्या किल्ल्यांपाशी असते, हे संस्थानी इतिहास वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना नवे नाही. येथे तिजोरी म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर पैशाने घेतलेली यंत्रे. विद्वानांचा मान राहिला. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे आणि गूगलच्या डीपमाइंडचे प्रमुख डेमिस हसाबिस यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पण कोणते काम पुढे न्यायचे आणि किती वेगाने, हे ठरवणारा माणूस आता यंत्रसामग्रीसाठी भांडवल उभे करू शकणारा आहे.

त्या भांडवलाचे आकडे वाचताना शून्ये मोजावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआय, सॉफ्टबँक आणि ओरॅकल यांनी अमेरिकेत चार वर्षांत ५०,००० कोटी डॉलरची संगणककेंद्रे उभारण्याची योजना जाहीर केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला चीनच्या ‘डीपसीक’ने पुष्कळ कमी खर्चात तोडीचे यंत्र केल्याची बातमी पसरली आणि एका दिवसात एनव्हिडियाचे मूल्य सुमारे ५९,००० कोटी डॉलरांनी घसरले. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच कंपनी ५ लाख कोटी डॉलर मूल्य गाठणारी जगातील पहिली कंपनी ठरली. सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०,००० कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला होता. म्हणजे माल विकणारा गिऱ्हाइकाला पैसे देणार आणि गिऱ्हाईक त्यांतून माल घेणार. सावकारीचा हा प्रकार आपल्या आजोबांना समजला असता, पण त्यांनी त्यावर डोके नक्की हलवले असते.

हा फुगा आहे काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हो आले तरी चिंता संपत नाही. २००० च्या सुमारास इंटरनेटचा फुगा फुटला, तेव्हा समुद्राखालून काचतंतूच्या तारा घालणाऱ्या अनेक कंपन्या बुडाल्या. फ्लॅग टेलिकॉमने २००२ साली दिवाळखोरी पत्करली आणि पुढे ती रिलायन्सने घेतली. कंपन्या बुडाल्या, तारा उरल्या. आणि स्वस्त झालेल्या त्या तारांवरूनच आपल्या मुलांचे काम परदेशी जाऊ लागले. तेव्हा उद्या भांडवल बुडाले तरी यंत्रे उरतील. ती काम कोणाचे करतील, हा खरा प्रश्न.

येथे घाईने निष्कर्ष काढू नयेत. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० नोकऱ्या कमी केल्या, त्याचे मोठे कारण महामारीच्या काळात केलेली अवाजवी भरती हे होते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतील होते आणि त्याचे कारण यंत्रबुद्धी नव्हे, कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. क्लार्ना या स्वीडनच्या कंपनीने २०२४ साली आपले यंत्र ग्राहकसेवेतील ७०० माणसांचे काम करते असे सांगितले आणि २०२५ साली सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घेण्यास आरंभ केला. यंत्राच्या नावावर खपवलेली प्रत्येक कपात यंत्रामुळे झालेली नसते.

परंतु एक आकडा आम्हांला दुर्लक्षिता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील पगारपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या व्यवसायांत यंत्रबुद्धीचा शिरकाव सर्वांत जास्त आहे, तेथे २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार २०२२ अखेरपासून इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतील वयस्क, अनुभवी माणसांचा रोजगार टिकला होता, काही ठिकाणी वाढलाही होता. एप्रिल २०२५ मध्ये नडेला यांनी सांगितले की त्यांच्या कंपनीच्या काही प्रकल्पांतील २० ते ३० टक्के आज्ञावली यंत्र लिहिते. कोणता भाग असेल तो? ठरावीक, साच्याचा, चुका तपासण्याचा; म्हणजे जो आजवर नवख्याला देत असत तो. नकला करण्याचे काम.

ज्याला खुर्ची मिळाली आहे त्याला हे यंत्र सहसा उठवत नाही. ते नव्याला बसू देत नाही. हे आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या नोकरीच्या मध्यात कचेरीत संगणक आला. टंकलेखकांची गाळण उडाली, मोर्चे निघाले. प्रत्यक्षात एकाही टंकलेखकाला घरी पाठवले गेले नाही. फक्त कोणी निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, असे ठरले. त्याच ओघात जुन्या अभिलेखागारात नवा सहायक घेणेही थांबले. सगळ्यांना ते शहाणपणाचे वाटले, आम्हांलाही. पंधराएक वर्षांनी एका कुटुंबाचे इनामी जमिनीचे प्रकरण आमच्यापुढे आले. मूळ कागद मोडीत होते, रुमाल जागच्या जागी होता, आणि साऱ्या कचेरीत तो वाचणारा एकही माणूस नव्हता. शेवटी ऐंशी उलटलेल्या एका निवृत्त कारकुनाला रिक्षा पाठवून आणवले. त्यांनी दुसऱ्या पानावरची एक नोंद बोटाने दाखवली आणि प्रकरण निकाली निघाले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. कागद अजून तेथेच आहेत.

कोणतीही कारागिरी ग्रंथांत जेवढी असते, तेवढीच ती हाताखाली काम करण्यात असते. आजच्या कंपन्यांतील अनुभवी माणसे यंत्राच्या चुका पकडू शकतात, कारण वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः त्या चुका केल्या आणि कोणीतरी त्या दाखवून दिल्या. आणखी वीस वर्षांनी ती निवृत्त होतील तेव्हा यंत्राचा मसुदा तपासणार कोण? प्रत्येक कंपनीला वाटते की नवख्यांना दुसऱ्याने शिकवावे आणि तयार माणूस आपण घ्यावा. प्रत्येकाने असा हिशेब केला, की शेवटी घ्यायला कोणी उरत नाही. ज्या विद्येला दोन हिवाळ्यांतून एका गुरूने आणि त्याच्या शिष्यांनी तारले, तिच्याच बळावर ही पायरी काढून टाकली जात आहे, हा या इतिहासातला विरोधाभास आहे.

हे सारे आम्हांला सुचले ते घरातल्या एका गोष्टीवरून. आमची पुतणी २०२४ साली संगणक अभियंता झाली. एका मोठ्या कंपनीचे नेमणूकपत्र तिच्या हाती होते, रुजू होण्याची तारीख मात्र येत नव्हती. चौदा महिने ती रोज सकाळी पत्रव्यवहार उघडून पाही. शेवटी तारखेऐवजी दिलगिरीचे दोन ओळींचे पत्र आले. तिची आजी, म्हणजे आमच्या मातोश्री, आज अठ्ठ्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “उमेदवारीसुद्धा देत नाहीत का गं हल्ली?”

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. या लेखातील काही सनावळ्या जुळवतानाही घरातल्या मुलांनी आम्हांला अशा यंत्राची मदत करून दिली. त्याने एक साल चुकीचे सांगितले, ते आम्ही ग्रंथ पाहून दुरुस्त केले. आमची सूचना एवढीच की, शासन ज्या कंपन्यांना जमीन, वीज आणि करसवलत देते, त्यांच्याकडून नवख्यांना किती वर्षे आणि कोणाच्या हाताखाली शिकवणार याचा लेखी हिशेब मागावा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा अजून आपल्या पुस्तकात आहे. त्याच्या मराठी नावात आपला तो जुना शब्दही शाबूत आहे. आणि आपल्या मंडळांतील जी निवृत्त माणसे बँका, न्यायालये, रुग्णालये, कारखाने यांत आयुष्य घालवून बसली आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या तरुणाला द्यावी. याला पैसा लागत नाही.

पुतणी सध्या शहरातल्याच एका लहान कंपनीत जाते. पगार ठरला होता त्याच्या निम्म्याहून कमी आहे. यंत्राने लिहिलेली आज्ञावली तपासण्याचे काम तिच्याकडे असते, आणि शेजारी पन्नाशीचे एक अभियंते बसतात, जे तिच्या हातून सुटलेली चूक बोटाने दाखवतात. परवा संध्याकाळी घरी आल्यावर तिने आजीला सांगितले, की आज एक चूक तिने त्यांच्या आधी पकडली.